ललिताबाईंनी शिवलेला पंख

मित्रांनो, मी एक जुने बॉम्बफेकी विमान आहे. एकावर एक दोन पंख, लाकडी सांगाडा आणि त्यावर ताणून शिवलेले लिननचे कापड, एवढाच माझा थाट.

पहिल्या महायुद्धात विलायतेत माझा जन्म झाला. माझ्याआधीच्या नमुन्याचे नाक जड होते. तो पहिल्याच उड्डाणात जमिनीत घुसला. मग कारागिरांनी इंजिन मागे सरकवले, शेपूट लांबवले, तेव्हा कुठे मी उडाले. सुरुवातीला मागे बसलेला सैनिक हातानेच बॉम्ब टाकी. नंतर माझ्या पोटाखाली ते अडकवायची सोय झाली. युद्ध संपल्यावर मला हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर धाडले. कामगिरीवरून परतले की अधिकारी माझी पाठ थोपटत आणि मी फुलून जाई.

पुढे धातूची विमाने आली. मला परळच्या एका तंत्रशाळेत विद्यार्थ्यांना दाखवायला ठेवले.

गेल्या वर्षी शाळेच्या अंगणात एक निवृत्त जेट आले आणि माझा जळफळाट सुरू झाला. त्याच्यापुढे फोटोसाठी रांग लागे. माझ्या दालनात कोणी आलेच, तर पंख्याखाली डबा खायला!

माझा खालचा पंख फाटला, तेव्हा इथल्या शिक्षिका मेघनामॅडम आपल्या आईला घेऊन आल्या. ललिताबाईंनी लालबागच्या गिरणीत आयुष्यभर कापड रफू केले होते. त्यांची बोटे माझ्या पंखावरून फिरू लागली आणि कित्येक वर्षांनी मला कोणीतरी आपले वाटले.

पण तिसऱ्याच दिवशी मुख्याध्यापक यशोधन सर आले. "ललिताबाई, हे राहू द्या. पाहुणे येतायत, जेटचं कव्हर शिवा. हे विमान सुटं करून माळ्यावर टाकायचंय."

म्हणजे माझी माणसेही त्यालाच!

"कव्हर शिवते, सर," ललिताबाई मान वर न करता म्हणाल्या. "पण आधी हा पंख. अर्धं काम टाकून उठायची सवय नाय मला."

"अहो, बघायला कोण येतं याला?"

"मी येते ना!"

सर ओशाळले. "बरं, शनिवारपर्यंत घ्या," म्हणाले. पंख पुरा झाल्यावर मेघनामॅडमनी हट्टाने सरांकडून एक तास मागून घेतला आणि सबंध वर्ग माझ्याभोवती बसवला. चाळीस मुले! मी खिडकीतून जेटकडे ऐटीत पाहिले.

तेवढ्यात स्पृहा नावाच्या मुलीने विचारले, "मॅडम, याने बॉम्ब टाकले तेव्हा खाली कोण होतं?"

"गावं होती," मॅडम हळूच म्हणाल्या. "घरं, गुरं, माणसं."

"किती माणसं?"

"कोणी मोजली नाहीत गं."

त्या क्षणी मला वाटले, ही मुले जेटकडेच गेली असती तर बरे झाले असते.

त्या तासानंतर मला माळ्यावर टाकायचे सरांनी रद्द केले. मित्रांनो, जुन्या वस्तूंची धूळ पुसा, फाटले असेल ते शिवा. आणि स्पृहाने विचारला तसा प्रश्नही विचारा. आम्ही कौतुकाचे भुकेलेले. आपणहून सांगत नाही.