भासऱ्याची साक्ष

साक्षीला उभं करण्याआधी वकिलानं पत्रूकडून तीनदा घोकून घेतलं होतं, "एवढंच म्हणा, लटारूनं माझ्या डोळ्यांदेखत अंगठा लावला." बस, एवढंच. पण ज्या माणसानं बैल विकतानाही त्याचं लंगडणं लपवलं नाही, त्याला तेवढंही जड जात होतं.

लटारू त्याचा धाकटा भाऊ. पहिली बायको अंकुशला कडेवर घेऊन माहेरी गेली ती गेलीच, फारकतीचा कागद काही झाला नाही. मग लटारूनं कमळाला घरात आणलं. बावीस वर्षं तिनं त्याचं धान रोवलं, शेवटी हगणंमुतणंही काढलं. मरायच्या आधी लटारूनं मृत्युपत्रावर अंगठा लावून घर आणि दोन एकर धानाची बांधी तिच्या नावानं केली. आणि आता अंकुशला बाप आठवला! म्हणे, कागद खोटा. साक्षीदार दोनच होते, त्यातला कोलू मागच्या उन्हाळ्यात वारला. पत्रूची साक्ष टिकली नाही, तर कमळाला नेसत्या लुगड्यानिशी घराबाहेर पडावं लागणार होतं.

शपथ झाली. खरं सांगीन, खोटं सांगणार नाही. पत्रू खाली बघून म्हणाला, "लटारूनं माह्या डोळ्यादेखत अंगठा लावला."

अंकुशचा वकील ब्रह्मपुरीकडचाच, खेड्यात वाढलेला. त्यानं काही घाई केली नाही.

"कुठं लावला?"

"आतल्या खोलीत. खाटेवर होता थो."

"हात कोणी धरला होता?"

"कमळानं."

"ती तुमची कोण?"

"भावसून!" पत्रू ताठ झाला. तिला कोणी 'ठेवलेली' म्हटलं की त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"म्हणजे तुम्ही थोरले, तिचे भासरे. भावसून आत बसलेली, आणि भासरा त्या खोलीत शिरला?"

पत्रूच्या तोंडचं पाणी पळालं. अहो, धाकट्याच्या बायकोसमोर थोरल्यानं जायचं नसतं, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. बावीस वर्षं तो खाकरल्याशिवाय त्या अंगणात शिरला नव्हता. गावानं कमळाला नावं ठेवली, तेव्हा हीच रीत पाळून त्यानं गावाला दाखवलं होतं, की ही माझ्या भावाची बायको आहे. त्या दिवशीही तो ओसरीवर पाठ करून बसला होता. आतून कागद आला, शाई अजून ओली होती, त्यानं सही केली.

आत गेलो म्हणावं, तर भर कोर्टात तिची अब्रू जाते. नाही म्हणावं, तर शेत जातं. आणि वर ती शपथ!

"बोला ना बाबाजी."

"ओसरीवर होतो, साहेब. पाठ होती माही. ते माही भावसून हाये, मी आत कसा जाईन?"

"म्हणजे अंगठा लावताना पाहिलं नाही?"

"नाई पाहिलं. पन लटारूचाच होता जी थो—"

"एवढंच विचारायचं होतं."

कारकुनानं ते टाइप केलं. कमळाच्या वकिलानं फाईल मिटली आणि कपाळ चोळलं.

बाहेर पत्रू व्हरांड्यातल्या खांबाला धरून उभा राहिला. कमळा त्याच्यासमोर आली. इतक्या वर्षांत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. आज तिनं डोक्यावरचा पदर मागं सारला.

"पाहा मले, भाऊजी," ती म्हणाली. "त्या दिवशी काऊन नाई पाहिलं?"

पत्रूनं सवयीनं पाठ फिरवली.