खोळीतली फुपी

अरिबा नदाफच्या सेमिनारात उत्क्रांती चालणार नाही, असं विभागप्रमुख वीरधवल सरांनी आधीच बजावलं होतं. पेशीतली प्रथिनं पडद्यातल्या दारातून पलीकडं कशी जातात, तेवढं सांगायचं. ते दार मुळात आलं कुठून, हे अभ्यासक्रमात नाही. तो भाग काढ, नाहीतर शून्य गुण. आणि शून्य म्हणजे एमएस्सी बोंबलली.

अरिबानं तो भाग आणखी वाढवला.

कराडच्या त्या कॉलेजात पोरं थर्माकोलची मॉडेलं आणतात. अरिबा रहिमतपूरहून डबलबेडच्या गादीची रिकामी खोळ, पिंजलेल्या कापसाची पोती आणि आपली आत्या, मेहजबीन फुपी, घेऊन आली. नदाफांचा धंदाच गाद्या भरायचा, आणि फुपीइतकी बारकी बाई अख्ख्या तालुक्यात नव्हती. फुपी खोळीत शिरली. खोळ म्हणजे पेशीतला कप्पा आणि फुपी म्हणजे आतून ओढून घेणारं मदतनीस प्रथिन, असं अरिबानं तोंडावरची माशी हलू न देता जाहीर केलं.

प्रथिन घड्या पडलेल्या अवस्थेत या दारातून जात नाही, ती सांगत गेली. तयार गादी कुणी खोळीच्या तोंडातून कोंबतं का? आधी मोकळा कापूस, बाहेरून रेटा, आतून ओढ. आकार मग आत गेल्यावर. कापूस जात होता, फुपी ओढत होती, बाहेरून आलेले परीक्षक शिंकत होते.

कापूस संपला तसे अरिबाचे हात सवयीनं चालले. बोलता बोलता तिनं सुईदोऱ्यानं खोळीचं तोंड शिवून टाकलं. भरलेली खोळ उघडी ठेवायची नाही, हा घरचा शिरस्ता. फुपी आतच राहिली.

सर उठले. शिवण उसव, बाईंना बाहेर काढ, सेमिनार संपला, म्हणाले.

अरिबानं हातातली कात्री टेबलावर ठेवली. "संपला न्हाई, सर. आता दार न्हाई. म्हंजे आपण सुरुवातीला आलो. दाराचं प्रथिन पडद्यात बसवायला दारच लागतं. मग पहिलं दार बसवलं कुणी?"

सर गादीकडं वाकले आणि मावशी, तुम्हीच हिला समजवा, अशी विनवणी करू लागले.

"आवं सर, मी लय निवांत हाय," गादी म्हणाली. "पोरीचं हू द्या. तवर मी न्हाई यायची."

मग अरिबानं सांगितलं. पहिली प्रथिनं छोटी आणि तेलकट असावीत, दाराशिवाय पडद्यात घुसलेली. त्यातली दोन एकसारखी प्रथिनं एकमेकांना चिकटली आणि मधली फट म्हणजे दार. आजच्या दाराचे दोन्ही अर्धे एकमेकांसारखे दिसतात, ते त्यामुळं. हे अजून पक्कं ठरलेलं नाही, हेही तिनं लपवलं नाही.

सरांनी गुणपत्रिका ओढून शून्य लिहायला पेन उघडलं.

"लिहा की, सर. पण पुढं कारणबी लिहा, अभ्यासक्रमाबाहेरचं बरोबर सांगितलं म्हणून."

सरांचं पेन कागदाला टेकायच्या आत परीक्षकांनी नाक पुसून गुणपत्रिका आपल्याकडं घेतली आणि विचारलं, "पण त्या दोघांना चिकटायची गरज काय पडली?"

"म्हाईत न्हाई, सर. त्यासाठी तर पास व्हायचंय."

परीक्षकांनी आकडा लिहिला. तो शून्य नव्हता. गादीत फुपी कुशीवर वळली.