मातीवरून परत आणलेली काठी

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. काठी म्हणजे म्हाताऱ्यांची सोबतीण, असं तुम्ही समजत असाल. आमच्या घरात म्हातारपणाची वाट बघायला मला कुणी लावलंच नाही.

कर्नाटकातल्या मलनाडात, सुपारीच्या बागांपलीकडच्या बांबूच्या बेटात मी वाढले. बोरय्याने मला तोडलं, आगीवर शेकून सरळ केलं, तेल पाजलं. तेव्हा त्याला नुकतं मिसरूड फुटलं होतं. त्या वयाची पोरं जत्रेत ढोल बडवतात, आणि याचा खुबा झिजून गेलेला. भाताच्या लावणीला वाकला की सरळ होणं मुश्किल.

बांधावरून मालक हसायचे, "काय रे बोऱ्या, वाकूनच जन्म काढणार का?"

"सरळ झालो तर तुमच्यापेक्षा उंच दिसेन, अय्या. खपेल का तुम्हाला?"

बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. बोरय्याही हसायचा, पण त्याचा हात घामाने माझ्यावरून निसटायचा.

आमच्याकडे माणूस गेला की त्याची काठी त्याला पुरलेल्या मातीवर रोवतात. बऱ्याच वर्षांनी बोरय्या गेला आणि मलाही रोवलं. सुटले एकदाची, असं मला वाटलं. पण पुढच्या लावणीआधी त्याची लेक दुग्गव्वा कडेवर तान्ही नेत्रा घेऊन लंगडत आली आणि तिने मला उपटलं.

शेजारची निंगव्वा ओरडली, "अगं, मेलेल्याची काठी घरात नेतेस? दुखणं मागोमाग येईल!"

"दुखणं कधीच येऊन बसलंय, निंगक्का. काठीच तेवढी यायची राहिली होती."

गावाने या दुखण्याचा सगळा दोष खाचरातल्या खेकड्यांवर टाकला होता. फवारणीचं विष त्यांच्या अंगात आणि तिथून आपल्या हाडांत, असं जो तो म्हणायचा. पुढे लोक ते विसरले आणि पुन्हा खेकडे खाऊ लागले. दुग्गव्वा विसरली नाही. लेकीच्या ताटात खेकडा पडू द्यायचा नाही, हा तिचा हट्ट. घरात भात आणि मिरचीचं पाणी, बाकी नावालाही काही नाही. नेत्रा खेकड्यांच्या साराच्या वासाने निंगव्वाच्या दारात जाऊन उभी राहायची, आणि दुग्गव्वा मला उगारून तिला परत आणायची. त्या वेळी मलाही ते बरोबरच वाटायचं.

मग नेत्रा सकाळी भिंत धरून उठू लागली. तालुक्याहून डॉक्टरीणबाई आल्या, दोघींचं रक्त घेऊन गेल्या आणि काही महिन्यांनी परत आल्या.

"अव्वा, हे खेकड्यांमुळे नाही. घराण्याच्या रक्तातून आलंय. वडिलांकडून तुम्हाला, तुमच्याकडून हिला."

"म्हणजे नशिबातच होतं."

"बी असलं म्हणून ते सगळीकडे सारखंच उगवत नाही. कधी जागं होईल, किती जोर धरेल, ते इतर गोष्टींवरही असतं. लहानपणीचं खाणं, डोक्यावरचं ओझं, चिखलातलं काम. नक्की किती, ते आम्हालाही अजून नीट उमगलेलं नाही."

दुग्गव्वाने विचारलं, "मग खेकडे?"

बाईंनी खाली बघितलं. "घरात दुसरं काही नव्हतं ना, अव्वा? मग द्यायला हवे होते, पोरीच्या अंगी लागले असते."

दुग्गव्वाने मला दोन्ही हातांनी धरलं. तिचं रडणं मला मुठीपासून टोकापर्यंत कळत होतं.

त्या संध्याकाळी घरात खेकड्यांचं सार झालं. नेत्राने नांग्या चोखून चोखून खाल्ल्या. "अव्वा, इतके दिवस का नाही दिलंस गं?" दुग्गव्वा चूल फुंकत राहिली. पोर हात धुवायला उठली, कळ आली, आणि भिंत चाचपता चाचपता तिचा हात दारामागे माझ्यावर पडला. मला तिला कुणी दिलं नाही. तिनेच घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुग्गव्वाने स्वतःसाठी रानातून नवा बांबू आणवला आणि मला लेकीच्या उंचीएवढं कापलं. खाली पडलेला तुकडा तिने पदरात बांधला आणि शेजारी जाऊन निंगव्वाला सांगितलं,

"मी गेले की माझ्या मातीवर काठीऐवजी हा रोव, निंगक्का. तिथून काठी उपटून आणायची पाळी पोरीवर नको."

मित्रांनो, लंगडणाऱ्याला नावं ठेवू नका. वाढत्या पोराच्या डोक्यावर ओझं देऊ नका, आणि त्याच्या ताटातलं काही काढून घ्यायच्या आधी जाणत्याला विचारा. मी कापलेली काठी, आता वाढायची नाही. नेत्रा वाढते आहे. एक दिवस मी तिला आखूड पडावी, आणि त्या दिवशी तिला दुसरी काठी लागू नये, एवढंच माझं मागणं आहे.