दोनशे चौदा नंबरचा माग

रेवनशॉ मिलच्या बंद पडलेल्या कँटीनमध्ये त्या शनिवारी दुपारी ऐंशी माणसं दाटीवाटीने बसली होती आणि एकाचीही खोकायची हिंमत नव्हती. खिडक्यांवर काळे पडदे, टेबलावर एक मेणबत्ती आणि तिच्यामागे मेलेल्यांशी बोलणाऱ्या मिसेस व्हेन. जांभळी शाल, मिटलेले डोळे, बोटांत सात अंगठ्या. सोळा वर्षांपूर्वी ही कापडगिरणी बंद झाली, तेव्हापासून थॉर्नबेक गावात एवढी गर्दी कशालाच झाली नव्हती.

“कुणीतरी आलंय,” मिसेस व्हेन कण्हल्या. “तरुण मुलगी आहे... आयव्ही! मागापाशी उभी आहे... दोनशे चौदा... दोनशे चौदा...”

पहिल्या रांगेतल्या हिल्डा टॅटरसॉलने छातीवर हात दाबला. आयव्ही तिची थोरली बहीण. छप्पन वर्षांपूर्वी याच गिरणीत मागाच्या चामडी पट्ट्यात केस अडकून ती गेली, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि हिल्डा सोळा.

“मी किंचाळले गं, हिल्डा,” मिसेस व्हेनचा आवाज आता पोरसवदा झाला होता. “तू ऐकलं नाहीस. आता तरी ऐक. गावाची उन्हाळी सुट्टी लागायच्या आत माझ्याकडे ये. मी वाट बघतेय.”

मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या एनिड हॅसलमच्या अंगावर सर्रकन काटा आला. खरं तर ती इथे हसायला आली होती. ग्रंथालयात नोकरी करून ही बाई सहा वर्षं गावातल्या जुन्या गिरण्यांचा इतिहास गोळा करत होती, आणि गिरणीतली भुतं म्हणजे फुटक्या काचांमधून येणारा वारा, असं सगळ्यांना ठणकावून सांगत होती. पण मागाचा नंबर हिल्डालाही आठवत नव्हता. एनिडने तो महिनाभर धूळ खाऊन शोधून काढला होता. तो या मिसेस व्हेनला कुणी सांगितला?

त्या दिवसापासून हिल्डाने जेवण सोडलं. एनिड हॉटपॉट, म्हणजे मटण-बटाट्याचा गरम रस्सा, घेऊन गेली, तर पलंगावर काळा पोशाख इस्त्री करून ठेवलेला आणि कॅनरीचा पिंजरा रिकामा.

“हिल्डा आंटी, पक्षी कुठंय?”

“शेजारणीला दिला. मी गेल्यावर त्याला दाणे कोण घालणार?”

“काहीतरीच काय बोलता! दोन घास खा बघू.”

“आयव्ही बोलावतेय, पोरी. तेव्हा ऐकलं नाही. आता ऐकायला नको?”

डॉक्टर जिना उतरताना म्हणाले, “आजार काही नाही. पण बाईने मनाशी ठरवलंय. असंच चाललं तर सुट्टी लागेपर्यंतसुद्धा काढणार नाही.”

सुट्टीला दोन आठवडे होते. हे मढं उकरलं कुणी? एनिडनेच. तिच्या शोधाशोधीमुळे आयव्ही खरंच जागी झाली असेल तर? ग्रंथालयातल्या रेवनशॉ मिलच्या कागदपत्रांच्या खोक्याला हात लावायचीही तिला भीती वाटायला लागली. शेवटी मन घट्ट करून तिने ते उघडलं. आयव्हीच्या अपघाताचं वर्तमानपत्रातलं कात्रण वाचलं. मग स्वतः टाइप केलेलं पान वाचलं. मग पुन्हा कात्रण.

कात्रणात मागाचा नंबर होता दोनशे एक्केचाळीस. दोनशे चौदा फक्त एनिडच्या पानावर होता. टाइप करताना तिची चूक झाली होती!

तिच्या तोंडातून अस्सल गिरणीतली शिवी निघाली. भूत तिचीच चूक वाचून दाखवत होतं. तिने अभ्यागतांची वही काढली. मार्च महिना, सही ए. व्हेन. आजीच्या आठवणी शोधायला आलेले ते चष्मेवाले सज्जन गृहस्थ! त्यांना हे खोकं तिनेच कौतुकाने उघडून दिलं होतं, वर चहा आणि आल्याची बिस्किटंही.

ती धावतच हिल्डाकडे गेली. हिल्डाने दोन्ही कागदांकडे धड पाहिलंही नाही.

“नंबराचं काय घेऊन बसलीस? मी तिचा आवाज ऐकलाय.”

आवाज! एनिड खुर्चीत बसली. आठशे माग एकदम खडखडत असताना विणकरणींना कुणाचा आवाज कधी ऐकू आला होता? त्या ओठांनी बोलायच्या, तोंड मोठं करून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, नवऱ्याच्या गाऱ्हाण्यांपासून जेवणाच्या बेतापर्यंत सगळं. एनिडची आई तर तिला चहाला बोलवायचीसुद्धा खिडकीच्या काचेतून, आवाज न काढता.

पुढच्या शनिवारी हिल्डाला दोघी शेजारणींनी धरून कँटीनमध्ये आणलं. मेणबत्ती पेटली, कण्हणं सुरू झालं. “हिल्डा... आठवडाच उरला...” खिडकीपाशी उभ्या असलेल्या एनिडच्या मनात आलं, आयव्हीने खरंच उत्तर दिलं तर? तरीही तिने हात घातला आणि खिडकीचा पडदा खसकन ओढला. भरदुपारचं ऊन आत आलं, आता सगळ्यांचे ओठ दिसत होते.

“पडदा लावा! आत्मा दुखावेल!” दाराशी टोपी ओढून बसलेला माणूस ओरडला. तेच चष्मेवाले गृहस्थ.

एनिडने हिल्डाकडे पाहिलं आणि आवाज न काढता, नुसत्या ओठांनी म्हणाली, “तिला असं विचारा.”

हिल्डा खुर्चीला धरून उठली, मिसेस व्हेनसमोर उभी राहिली आणि तिने ओठ हलवले. आवाज अजिबात नाही. खोलीतल्या साऱ्या जुन्या विणकरणींनी तोंडावर हात नेले. दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. मिसेस व्हेनने एक डोळा किलकिला केला.

“बाईंना... बोलवत नाहीये,” त्या घाईने म्हणाल्या. “आत्म्याच्या भेटीने वाचा बसते कधीकधी.”

“वाचा बसली म्हणे!” मागून एक विणकरीण खेकसली. “चांगलं ठणठणीत विचारलं की तिनं!”

“मी विचारलं, आयव्ही, मला शेवटचं काय म्हणाली होतीस?” हिल्डा आता मोठ्याने बोलली. “इथल्या चाळीसजणींना कळलं. तुलाच कळलं नाही. आमची आयव्ही चौदाव्या वर्षापासून या बोलीत बडबडायची. तू कोण आहेस गं?”

मग एनिडने कात्रण, स्वतःचं पान आणि वहीतली सही सगळ्यांना वाचून दाखवली. वाचून होईपर्यंत व्हेन पतिपत्नी मागच्या दाराने पसार झाली होती. जांभळी शाल खुर्चीवरच राहिली.

“काय म्हणाली होती आयव्ही?” बाहेर आल्यावर एनिडने हळूच विचारलं.

“आठ माग पलीकडे होती. म्हणाली, तुझ्या केसांत कापूस अडकलाय, काढ. मी हसले. एवढंच.” हिल्डाने डोळे पुसले. “माझी बहीण मला मरायला कशाला बोलावेल? मीच वेडी. तो हॉटपॉट पुन्हा करशील का गं?”

आपल्या मेलेल्या माणसांवर आपलं प्रेम असतं, आणि असले लोक नेमकं तिथेच बोट घालतात. म्हणून कुणी त्यांच्या नावाने बोलायला लागलं की घाबरण्याआधी एक विचारावं: हे याला कुठून कळलं? मग जे कुठेच लिहिलेलं नाही, ते विचारावं. खरं असेल ते एका प्रश्नाने मोडत नाही.

सोमवारी एनिड चुकीचा नंबर खोडायला बसली, तेव्हा हिल्डा शेजारणीकडून परत आणलेल्या कॅनरीचा पिंजरा घेऊन ग्रंथालयात आली होती. तिने पेन काढून घेतलं.

“राहू दे तसाच,” ती म्हणाली. “पुढची आत्मे बोलावणारी बाई येईल ना, तिला सापडायला हवा.”