तेवढा आजारी नाही

हॉकी खेळताना माझ्या भाच्याच्या, सोरेनच्या गुडघ्याचे तुकडे झाले, तेव्हा विमा कंपनीने हूं की चूं केलं नाही. ऑपरेशन, कुबड्या, व्यायाम, सगळं मंजूर. पोरगा धावायला लागेपर्यंत हात आखडला नाही.

पुढच्या हिवाळ्यात तोच सोरेन अंथरुणातून उठेना. एका दुपारी माझ्या बहिणीला, मार्लिसला, तो तळ्याच्या पातळ बर्फावरून आत आत चालत जाताना दिसला. तिनं लेकाला ओढून आणलं आणि डुलुथ शहरातल्या मनोरुग्णालयात ठेवलं.

आठवड्यातच विमा कंपनीच्या डॉक्टरचा फोन. मी शेजारी होते, तिनं स्पीकर लावला.

"मुलगा आता नाश्ता करतो, मरायचं बोलत नाही. घरी न्या. पुढचे दिवस मंजूर होणार नाहीत."

"त्याचे डॉक्टर म्हणतात, इतक्यात हलवू नका."

"आमच्या नियमांप्रमाणे तो तेवढा आजारी नाही, मॅडम."

"गुडघ्याच्या वेळी पहिलं पाऊल टाकल्यावर कुबड्या काढून घेतल्या होत्यात का?"

उत्तर यायच्या आत मीच तोंड घातलं, "डॉक्टर, तुम्ही कशाचे हो?"

"...हाडांचा."

मार्लिस हसली. तिचं तसलं हसणं मी आधी कधी ऐकलं नव्हतं. "हाडांचे डॉक्टर! आणि माझ्या पोराचं मन तुम्ही फोनवरून तपासलंत?"

सोरेनला घरी आणावं लागलं. मार्लिसनं बेकरीतलं काम सोडलं. सुऱ्या, गोळ्या माझ्या गाडीत कुलुपात. तो अंघोळीला गेला की दाराबाहेर आमच्यापैकी कुणीतरी बसायचं. त्याचं बोलणं पुन्हा बंद झालं.

मार्लिसनं राज्य सरकारकडे तक्रार केली. शरीराला एक माप आणि मनाला दुसरं लावता येत नाही, असा कायदाच आहे. कंपनीशी संबंध नसलेल्या मानसोपचारतज्ज्ञानं सगळे कागद पाहिले आणि कंपनीला उपचार मंजूर करावे लागले. 'आपल्या विनंतीचा फेरविचार केला आहे,' असं त्यांनी कळवलं. विनंती म्हणे! माफीचा शब्द नाही.

सोरेनला पुन्हा रुग्णालयात जाऊन सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागलं. उन्हाळ्यात तो घरी आला. बारीक झाला होता, पण चेष्टा करायला लागला होता.

"जिंकलीस ना? आता सोड तो राग," मार्लिसचा नवरा म्हणाला.

"काय सोडू? ज्या बाईला काम सोडून दाराबाहेर बसता आलं नाही, तिच्या पोराचं काय झालं असेल?"

तिनं ताटं इतक्या जोरात आपटली, की वरून सोरेन ओरडला, "आई, फोडू नकोस गं, जेवायचंय मला!"