उजव्या डोळ्याची कडी

दुर्बीण नातीच्या गळ्यात घालायची म्हटलं की आजीचा जीव खालीवर व्हायचा. पडेल, फुटेल याची भीती नव्हती. भीती होती ती कडीची. दुर्बिणीच्या उजव्या भिंगाशी एक फिरती कडी असते. ज्याचा डोळा जसा, तशी ती जुळवायची. आजोबांचा उजवा डोळा अधू. त्यांनी कडी आपल्या डोळ्याला जुळवून वर चिकटपट्टी मारली होती. ते गेले त्यालाही बरेच हिवाळे लोटले, पट्टी तशीच होती. ह्यांच्या नजरेचं माप आता तेवढ्या एका जागी उरलं होतं.

म्हणून आजीला एकेक पक्षी दुहेरी दिसायचा. डाव्या डोळ्याला रेखीव, उजव्याला स्वप्नातून आल्यासारखा. त्यातला धुरकट तो ह्यांचा, असं ती मनाशी धरून चालायची.

पाणथळीवर आज घरोघरची मंडळी पक्षी बघायला आली होती. लाकडी आडोशातल्या बाकावर आजी, सून आणि नात खेटून बसल्या होत्या. फळ्यांच्या फटीतून बघावं तर पाणी आणि आभाळ धुक्यात एक झालेलं. बदकं तरंगताहेत की उडताहेत, कळायला मार्ग नव्हता.

"आजी, दे ना मला."

"घे. पण कडीला हात लावायचा नाही."

"आई, दुर्बीण आहे की ठेवणीतला दागिना?" सून हसली.

"दागिना असता तर तुला कधीच देऊन टाकला असता."

नातीनं दुर्बीण डोळ्यांना लावली. "सगळं अर्धं पुसल्यासारखं आहे. तुला तरी दिसतं का गं?"

आजीला खोटं बोलवेना. "एका डोळ्यानं दिसतं."

"आणि दुसऱ्या?"

"त्यानं तुझे आजोबा बघतात."

पोरगी आजीकडे वळली. मग हळूच म्हणाली, "मग त्यांना विचार ना, मी थोडा वेळ बघू का?"

तेवढ्यात धुक्यातून घशातल्या घशात घुमल्यासारखा आवाज आला. क्रौंच. ज्यांची वाट बघण्यात ह्यांचे हिवाळे सरायचे, तेच. थवा अलगद पाण्याकाठी उतरला. नात एक डोळा मिटून, तोंड वेडंवाकडं करून धडपडत होती.

आजीनं दुर्बीण ओढून घेतली, नखानं पट्टी सोलली आणि परत दिली. "फिरव. नीट दिसेपर्यंत फिरव."

कडी कुरकुरत फिरली. थांबली.

"आजी," पोरीचा आवाज अगदी बारीक झाला, "त्याच्या डोळ्यामागे पांढरं पीस आहे. वाऱ्यानं हलतंय."

पुष्कळ वेळानं दुर्बीण परत आली. "आता तुमच्या डोळ्याला लावून घ्या, आई," सून म्हणाली.

आजीनं बघितलं. डावीकडे क्रौंच रेखीव. उजवीकडे पुन्हा धूसर, पण हे धुकं नवं होतं, पातळ, उजेड झिरपणारं. तिचं बोट कडीवर गेलं आणि तिथून मागे आलं.

"चिकटपट्टी आहे का गं तुझ्याकडे?"

"डब्याच्या झाकणाला लावलेली आहे. पण कशाला? हिचे डोळे बदलत जातील."

"बदलू देत," आजी म्हणाली. "पुढच्या हिवाळ्यात काढू."