दार माझं, ऊब त्याची

थांबा, पान उलटू नका! मी बोलतोय. हा इथे, खिडकीजवळच्या टेबलावर बसलेला, तपकिरी अंगाचा, चकचकीत कडांचा जुना मायक्रोवेव्ह ओव्हन. मला उचलायला दोन माणसं लागतात आणि दोघंही नंतर कंबर धरून बसतात. आजकालचे माझे भाऊबंद एका काखेत मावतात. मावू देत. आज माझा दिवस आहे, आणि मला कधी एकदा सगळं सांगतो असं झालंय.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. त्यातलं फारसं आठवत नाही, पण घंटा आठवते. शेवटच्या टेबलावरच्या बाईने माझं बटण फिरवलं, आत कटकट सुरू झाली आणि मग 'टण्ण!' मी स्वतःच दचकलो. बाई मात्र हसून म्हणाली, "हा बोलका आहे."

तिथून मी गेलो एका छापखान्यात. कामगारांच्या जेवणाच्या खोलीत मला बसवलं, तेव्हा पहिला आठवडा कुणी जवळ फिरकलं नाही. फोरमन लांबूनच सूचना द्यायचा आणि दार लावलं की आधी स्वतः बाहेर पळायचा. मग एकदा कुणीतरी धीर करून डबा गरम केला, आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्यासमोर रांग लागली. माझ्या मुठीवर शाईचे अंगठे उमटले. एका बाइंडरने तर माझ्यात पुठ्ठे चिकटवायच्या सरसाचं भांडं ठेवलं होतं! पुढे कित्येक दिवस प्रत्येकाच्या भाजीला पुस्तकाच्या पुठ्ठ्याचा वास येत होता आणि बाइंडर साळसूदपणे सगळ्यांबरोबर नावं ठेवत होता.

माणसांची एक गंमत मला तिथे कळली. घंटा वाजेपर्यंत त्यांना धीर धरवत नाही. काचेतून टक लावून बघतात, आणि अगदी वाजणार एवढ्यात दार उघडतात. माझा घास तोंडाशी आलेला असतानाच हिरावून घेतात म्हणा ना!

छापखाना बंद पडला. यंत्रं विकली गेली, आणि मी मागच्या ओलसर खोलीत पडून राहिलो. पोटात जुनी फडकी, डोक्यावर गळका रंगाचा डबा. किती काळ गेला कोण जाणे. शेवटी जागा विकली तेव्हा भंगारवाल्याच्या गाडीत इतर पसाऱ्याबरोबर मीही चढलो. त्याचा हिशेब सरळ होता: पाठ फोडायची, आतली तांब्याची तार काढायची, उरलेलं लोखंड ढिगात. मला त्याने घणाशेजारी नेऊन ठेवलं होतं.

आणि तेवढ्यात तो आला! डोक्यावर ढकललेला चष्मा, डोळ्यांवर दुसरा चष्मा, धावत, धापा टाकत. धंद्याने चष्मेवाला आणि नादाने जुन्या मायक्रोवेव्हचा शिकारी. त्याच्यामागे त्याची थोरली बहीण होती. सगळे तिला ताई म्हणतात. तिचा जन्म टीव्ही दुरुस्त करण्यात गेलाय. भाऊ शोधून आणतो, बहीण जिवंत करते, असं दोघांचं चाललेलं असतं.

"ताई, हाच! अगं हाच तो! बघ, तीच मूठ, तेच बटण!"

"हळू बोल," ताई दबक्या आवाजात म्हणाली. "तू असा नाचलास तर तो भाव वाढवेल."

मग त्यांनी त्यांची नेहमीची परीक्षा घेतली. चष्मेवाल्याने खिशातून कागदाची पट्टी काढली, माझ्या दारात अडकवली, दार लावलं आणि पट्टी ओढली. ती सुटेना. वर, खाली, कोपऱ्यात, कुठेच सुटेना. इतकी वर्षं ओलाव्यात काढली, पण माझं दार अजून घट्ट बसतं! चष्मेवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, पांग फिटले.

त्यांच्या घरात पाऊल ठेवलं आणि माझे डोळे दिपले. कपाटावर, पलंगाखाली, जिन्याच्या वळणावर माझेच जातभाई! नारिंगी, पांढरे, एक तर टेलिव्हिजनएवढा. ताईने माझ्यात पेलाभर पाणी ठेवलं आणि बटण फिरवलं. दिवा लागला, आत घरघर झाली, घंटा खणखणीत वाजली. मी छाती फुगवली. ताईने पाण्यात बोट घातलं.

"गार आहे. नळातून आलं तसंच."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण चष्मेवाला खुशीतच होता. "असू दे गं! हा तापला नाही तरी चालेल. मला याचं फक्त दार हवंय."

फक्त दार!

मग त्याने पलंगाखालून चादर ओढली आणि मला तो दिसला. हुबेहूब मीच. तेच अंग, तेच बटण, फक्त दार तुटून दोरीने बांधलेलं. तो त्यांच्या आईचा ओव्हन होता. घर बदलताना तोंडावर पडला, आणि तेव्हापासून चष्मेवाला त्याच्यासाठी दार शोधत फिरत होता. दार मिळेना, पण त्या शोधात दिसेल तो ओव्हन घरी येत राहिला.

एवढा आटापिटा कशाला, तेही सांगतो. चष्मेवाल्याच्या आईला आता जवळजवळ दिसत नाही. त्यावर चष्मा नाही, हे त्याला सगळ्यांत जास्त लागतं. घरातल्या नव्या ओव्हनला सपाट काच, हाताला काही लागत नाही. संग्रहातले फिरत्या बटणाचेही देऊन पाहिले, पण तिचा हात त्यांवर बसेना. घोटभर दूध गरम करायचं तरी हाक मारावी लागायची. आणि आई अशी बाणेदार, की हाक मारण्यापेक्षा ती दूध गारच प्यायची.

हे कळल्यावर मला रागावताही येईना. घ्या बाबांनो, दार घ्या, असं मनाशी म्हटलं. पण खोटं कशाला बोलू, आतून पार हललो होतो. दार गेल्यावर मी म्हणजे नुसता लोखंडी डबा.

ताईने माझं दार काढलं, त्याला बसवलं. चष्मेवाल्याने पट्टी अडकवून ओढली. पट्टी अलगद हातात आली. पुन्हा ओढली. पुन्हा आली.

ताईने आईच्या ओव्हनच्या तोंडावरून बोट फिरवलं. "कडच वाकलीये रे. कुठलंही दार लाव, फट राहणारच, आतली किरणं बाहेर येणार. हा चालवायचा नाही." मग भावाकडे बघून म्हणाली, "चष्मेवाला तू, आणि फ्रेम वाकडी आहे हे तुला दिसलं नाही?"

तो वाकून ती कड चाचपू लागला. इतकी वर्षं त्याने फक्त दार शोधलं होतं. काच बदलली की झालं, हीच त्याची सवय!

"आता उलट करू," ताई म्हणाली. "या भंगारातल्याचं दार, अंग, सगळं धड आहे. तापवणारा भाग मेलाय. तसाच धड भाग आईच्या ओव्हनमध्ये आहे. तिकडचा काढून इकडे घालते."

"नको! आईचा ओव्हन फोडायचा नाही. मग तो आईचा राहणार नाही."

"फोडा," दारातून आवाज आला. भिंतीला हात लावत आई उभी होती. "अरे, पलंगाखाली ठेवून त्याची पूजा करतोस का? मला दूध गरम करायचंय."

ताईने एक हात पाठीमागे धरला, लांब मुठीच्या पेचकसाने आधी आम्हां दोन्ही ओव्हनमध्ये साठलेली वीज उतरवली आणि कामाला लागली. माझं दार मला परत मिळालं; त्याच्या पोटातला मॅग्नेट्रॉन, म्हणजे तो तापवणारा भाग, निघाला आणि माझ्या पोटात बसला. मी त्याच्याकडे बघत होतो. तो मोकळा, हलका झाला होता. मला रडू येत होतं आणि आनंदही मावत नव्हता. पेलाभर पाणी आत आलं, बटण फिरलं, घंटा झाली. ताईने बोट घातलं आणि "आई गं!" म्हणून झटकलं. चष्मेवाल्याने तिला गरागरा फिरवलं. चाळिशी उलटलेली दोन माणसं खोलीत लहान मुलांसारखी नाचत होती!

ही कालची गोष्ट. आज सकाळी आई आली, एकटी, हातात दुधाचा पेला घेऊन. चष्मेवाला धावला, तशी ती म्हणाली, "मध्ये कुणी यायचं नाही." तो भिंतीला चिकटून उभा राहिला, दोन्ही हात काखेत दाबून. आईने माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग हात उतरला तो थेट मुठीवर, पेला आत गेला, आणि हात बटणावर आला, कुठेही न चाचपडता. मला ती बाई कालपर्यंत माहीत नव्हती. पण तिचा हात लागला आणि माझ्या आतून कुणीतरी तिला ओळखलं. खरं सांगतो, ओळखलं.

तर लोकहो, जुनं काही टाकायला निघालात तर टाका, माझी हरकत नाही. पण आधी एकदा दार लावून बघा, बटण फिरवून बघा. त्यातलं काय धड आहे आणि ते कुणाच्या उपयोगी पडेल, हे टाकणाऱ्याला कधीच ठाऊक नसतं.

घंटा वाजली. ती वाजेपर्यंत आईने दाराला हात लावला नाही, अशी माणसं मी फार थोडी पाहिलीत. मग दार उघडून तिने पेला काढला, घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"भाजलं मेलं," ती म्हणाली, आणि इतकी हसली, इतकी हसली, की चष्मेवाल्याला दोन्ही चष्मे काढून डोळे पुसावे लागले.